नाचाची शाळा

आमच्या भागांत मुलांसाठीं योग्य तो वर्ग निवडणें हें आईबापांचें आद्य कर्तव्य मानलें जातें. लातूर शहर तर या विद्येचें माहेरघरच आहे. साऱ्या महाराष्ट्रांतून मुलें तेथें येतात, भाड्याच्या खोल्यांत राहतात, डब्याचें अन्न खातात आणि पहांटेपासून रात्रीपर्यंत पदार्थविज्ञान व रसायन घोटतात. 'लातूर पॅटर्न' हा शब्द आतां मराठींत रूढच झाला आहे. नांदेडनेंही लातूरचा हा कित्ता चांगला गिरविला आहे. त्यामुळें चांगला वर्ग ओळखण्याची एक ठरीव रीत आमच्या लोकांच्या अंगवळणीं पडून गेली आहे. चौकांतील फलक पाहावा, त्यावरील मुलांचीं छायाचित्रें मोजावीं, खालचे गुण वाचावे आणि फी भरावी. माझ्या थोरल्या मुलाच्या बाबतींत मीं हेंच केलें, आणि तें करतांना मला फारसा विचार करावा लागला नाहीं. परंतु गेल्या वर्षीं माझ्या धाकट्या मुलीनें (हें आमचें शेंडेफळ; वय वर्षें नऊ) एका संध्याकाळीं चहाच्या वेळीं मला सांगितलें, "बाबा, मला बॅले शिकायचा आहे;" आणि माझी ही सारी विद्या एका क्षणांत निरुपयोगी ठरली.

मी राहतों तें लोहा हें नांदेडपासून तासाभराच्या अंतरावरचें तालुक्याचें गांव. येथें कापसाच्या व सोयाबीनच्या भावाविषयीं अधिकारवाणीनें बोलणारीं माणसें शेकड्यांनीं भेटतील. पण बॅले हा शब्द माझ्या घराबाहेर गांवांत कोणी उच्चारीत असेल असें मला वाटत नाहीं. मुलीच्या डोक्यांत हें खूळ शिरलें तें 'ये बॅले' नांवाच्या, २०२० सालीं निघालेल्या चित्रपटामुळें. मुंबईच्या दोन गरीब मुलांच्या खऱ्या हकीकतीवर तो बेतलेला आहे. अमीरुद्दीन शाह हा एका वेल्डरचा मुलगा आणि मनीष चौहान हा एका टॅक्सीवाल्याचा. येहूदा माओर या परदेशी गुरूनें मुंबईंत त्यांना बॅले शिकविला, आणि पुढें अमीरुद्दीन २०१७ सालीं लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्यें दाखल झाला. माझ्या मुलीला या चित्रपटांतील गरिबी दिसली नाहीं, कष्टही दिसले नाहींत. माणूस जमिनीपासून सुटून क्षणभर हवेंत थांबतो, एवढेंच तिला दिसलें. मला विचाराल तर तिनें नेमकी महत्त्वाची गोष्ट पाहिली.

मी इंग्रजीचा प्राध्यापक. येट्स या कवीच्या 'अमंग स्कूल चिल्ड्रन' या कवितेच्या शेवटीं नर्तक आणि नृत्य यांच्यांतील अभेदाचा जो प्रसिद्ध प्रश्न आहे, त्यावर मीं पंचवीस वर्षें व्याख्यानें दिलीं आहेत. पोरें तीं मुकाट्यानें उतरून घेतात. परंतु नाचणाऱ्या माणसाचें पाऊल जवळून कसें दिसतें, तें दुखतें कोठें, तें तयार व्हायला किती वर्षें लागतात, हें मला कोणी विचारलें असतें तर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. तेव्हां प्राध्यापकाच्या जातिस्वभावाला अनुसरून मी प्रथम पुस्तकांकडे वळलों.

पुस्तकांनीं मला पुष्कळ सांगितलें. बॅलेची परिभाषा सगळी फ्रेंच कां, तर चौदाव्या लुईनें १६६१ सालीं पॅरिसला नृत्याची राजमान्य संस्था स्थापिली आणि पावलांच्या पांच मूळ स्थिति तेथल्याच परंपरेंत ठरल्या. आना पावलोवा ही विख्यात रशियन नर्तकी १९२० नंतरच्या दशकांत हिंदुस्थानांत आली. आपलें नृत्य पाहून भारावलेल्या भारतीय स्त्रियांना तिनें आपल्याच देशाच्या नृत्याकडे वळण्यास सांगितलें, ही गोष्ट मला मोठी मनोवेधक वाटली. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक डॉ. सोखी यांच्या पत्नी लीला, म्हणजेच 'मेनका', यांनीं कथकचा अभ्यास करून स्वतःचा संच उभारला, १९३६ सालीं बर्लिनच्या नृत्यस्पर्धेंत पारितोषिकें मिळविलीं आणि पुढें खंडाळ्यास नृत्यशाळा काढली. रुक्मिणीदेवींनीं त्याच १९३६ सालीं मद्रासेस कलाक्षेत्र स्थापिलें. रोहिणी भाटे यांनीं १९४७ सालीं पुण्यास 'नृत्यभारती' सुरू केली, आणि मध्यमवर्गीय घरांतील मुली उजळ माथ्यानें पायांत घुंगरूं बांधूं लागल्या. भरतनाट्याला आज जो ठरीव क्रम आहे तो घडविणारे तंजावरचे चार बंधु सरफोजी महाराजांच्या मराठी दरबारांत होते, आणि त्या महाराजांनीं नृत्यासाठीं मराठींत निरूपणें रचलीं, हें वाचून तर माझी छाती थोडी फुगलीही. पण शनिवारीं दुपारीं मुलीला घेऊन कोठें जावें, हें कोणत्याही पुस्तकानें सांगितलें नाहीं.

पहिला वर्ग आम्हीं पाहिला तो नांदेडला, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या फलकावर सात-आठ नृत्यप्रकारांचीं नांवें होतीं आणि त्यांत बॅलेही होता. मुलीचे डोळे चमकले. आंत चाळीसएक मुलें एका चित्रपटगीतावर स्नेहसंमेलनाची तयारी करीत होतीं. शिकविणारा तरुण पंचविशीच्या आंतबाहेरचा, घामानें निथळलेला आणि अत्यंत उत्साही होता. बॅले आपण कोठें शिकलांत, असें मीं विचारतांच त्यानें प्रांजळपणें खिशांतला मोबाईल वर करून दाखविला. त्या तरुणाबद्दल माझ्या मनांत अनादर नाहीं. तीं चाळीस मुलें त्या तासांत जितकीं आनंदांत होतीं तितका माझा वर्ग माझ्या तासाला कधींच नसतो. पण खालीं सिमेंटवर बसविलेली गुळगुळीत फरशी होती, आणि एक मुलगी उडी मारून उतरतांना तिचे गुडघे आंत वळतात हें माझ्यासारख्या अडाण्यालाही दिसत होतें. चाळीसांत तें त्याला दिसणें शक्य नव्हतें.

दुसरा वर्ग लातूरचा. तेथें माझी मेव्हणी राहते, म्हणून महिन्यांतून दोनदां मुक्काम करून शिकवावें असा एक बेत सौभाग्यवतीनें काढला होता. येथें शास्त्रीय नृत्य होतें, शिस्त होती, भिंतीवर प्रमाणपत्रांच्या ओळी होत्या. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची उतरंड मला येथें पाठ झाली: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम व पूर्ण, मध्यमा, विशारद आणि अलंकार. या परीक्षांनीं खेड्यापाड्यांतल्या मुलींनासुद्धां एक क्रम दिला, हा मोठाच उपकार आहे. परंतु मला विचारलेला पहिलाच प्रश्न होता, "मुलगी कितवीला आहे?" दहावीच्या परीक्षेंत शास्त्रीय कलांच्या परीक्षांबद्दल जादा गुण मिळतात, त्या हिशेबानें कोणत्या वर्षीं काय उरकावें याचें कोष्टकच तयार होतें. तेथल्या एका मुलीला मीं सहज विचारलें, "तुला यांतलें काय आवडतें?" तिनें 'लय' या शब्दाची व्याख्या बिनचूक सांगितली. मला एकाएकीं आपल्या कॉलेजांत आल्यासारखें वाटलें.

तिसरा वर्ग वर्ग म्हणावा असा नव्हताच. नांदेडच्या एका जुन्या वस्तींत, एका घराच्या पुढच्या दालनांत एक बाई आठ मुलींना कथक शिकवीत होत्या. फलक नाहीं, आरसाही नाहीं. शहाबादी फरशीवर दुहेरी जाजम अंथरलेलें. आम्हांला त्यांनीं दाराशीं बसविलें आणि तास संपेपर्यंत आमच्याकडे ढुंकूनही पाहिलें नाहीं. एक मुलगी सोळा मात्रांच्या आवर्तनांत दोनदां चुकली. बाई ओरडल्या नाहींत. त्यांनीं स्वतः उठून तिच्या शेजारीं उभें राहून तें पाऊल सावकाश दहा वेळां टाकून दाखविलें, आणि अकराव्या वेळीं ती मुलगी एकटीच टाकीत होती. इतर मुली स्वस्थपणें हातावर ताल देत होत्या.

मग त्यांनीं माझ्या मुलीला जवळ बोलाविलें. पायमोजे काढायला लावून टांचा पाहिल्या, उकिडवें बसविलें, एका पायावर उभें केलें, कधीं पाय मुरगळला होता का म्हणून विचारलें. मुलीनें एकदम सांगून टाकलें, "मला खरं म्हणजे बॅले शिकायचा आहे." मला संकोच वाटला, बाईंना वाटला नाहीं. त्या म्हणाल्या, "तो मला येत नाहीं, बाळ. मी येतो म्हटलें तर तें खोटें होईल." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मुंबईला चांगले वर्ग आहेत. पण येथें कोणी शिकवितों म्हणाला, तर आधीं त्याची जमीन पाहा. उडीसाठीं खालीं लांकूड हवें, आणि तेंही थोडें दबणारें. नाहीं तर नळगुडी कायमची दुखते. आणि टोकाचे जोडे मुलींना केव्हां देतां, हें विचारा. साऱ्या अंगाचा भार पायाच्या बोटांच्या टोकांवर येतो. अकरा-बारा वर्षांच्या आधीं आणि दोन-तीन वर्षांच्या तयारीशिवाय जो देतो, त्याच्या दारांत पाऊल टाकूं नका."

आपल्याला एखादी गोष्ट येत नाहीं असें स्पष्ट सांगणारा शिक्षक मला फार दिवसांनीं भेटला होता. मीं विचारलें, "मग आमच्याकडे ही काय शिकेल?" त्या म्हणाल्या, "पहिलें वर्ष उभें राहणें आणि पाऊल टाकणें. घुंगरूं नाहींत, कार्यक्रम नाहीं, परीक्षाही नाहीं. चौदाव्या वर्षीं हिला बॅलेच हवा असें वाटलें, तर तयार पाय घेऊन जाईल. ती दोन मुलेंही तशीं उशिरांच लागलीं होतीं म्हणतात." नंतर क्षणभर थांबून त्यांनीं जो प्रश्न विचारला, तो माझ्या कोणत्याही यादींत नव्हता. "घरीं सगळ्यांना ठाऊक आहे ना? सगळ्यांना म्हणजे वडीलधाऱ्यांनासुद्धां? माझ्या दोन चांगल्या मुली तेराव्या वर्षीं घरच्यांनीं काढून नेल्या. चार वर्षें चालूं दिलें, आणि मोठ्यांना कळल्याबरोबर बंद. मला फीचें कांहीं नाहीं. पण त्या मुलींना मग असें वाटतें कीं आपण चार वर्षें कांहीं तरी चोरून करीत होतों."

"हो, हो, ठाऊक आहे," मीं म्हटलें.

तें खरें नव्हतें. कंधार तालुक्यांतल्या आमच्या मूळ गांवीं माझे थोरले बंधु असतात. आम्ही त्यांना अण्णा म्हणतों. ते माझ्याहून सोळा वर्षांनीं मोठे. वडील गेल्यावर त्यांनींच मला शिकविलें. माझ्या पदवी परीक्षेची फी त्यांनीं घरांतला हरभरा विकून भरली होती. दर रविवारीं सकाळीं त्यांचा फोन येतो. त्या रविवारीं त्यांनीं विचारलें, "काल नांदेडला कशाला गेलतास?" आणि ज्या मनुष्यानें मेनकाबाई आणि रुक्मिणीदेवी यांच्यावर दोन आठवडे टिपणें काढलीं होतीं, त्याच्या तोंडून शब्द निघाले, "पोरीला इंग्रजीच्या शिकवणीला घातलं, अण्णा." इंग्रजीच्या प्राध्यापकाची मुलगी इंग्रजी शिकायला परगांवीं कशाला जाईल, हा प्रश्न अण्णांनीं विचारला नाहीं. त्यांचा माझ्यावर विश्वास आहे. मुलगी तेथेंच जमिनीवर बसून चित्र रंगवीत होती.

पुढच्या शनिवारीं एस.टी.त आमच्या शेजारीं एक वयस्क बाई बसल्या होत्या. प्रवासांतल्या रिवाजाप्रमाणें त्यांनीं मुलीला नांव विचारलें, इयत्ता विचारली, आणि मग, "कुठं चाललीस, बाई?" म्हणून विचारलें. मुलीनें ओढणी ठेवलेली पिशवी हळूच पायानें बाकाखालीं सारली आणि शांतपणें उत्तर दिलें, "इंग्लिशच्या क्लासला."

माझ्याकडे तिनें पाहिलेंही नाहीं. तिच्या स्वरांत खोटें बोलण्याचा संकोच नव्हता. घरचा नियम पाळणाऱ्या शहाण्या मुलीचा स्वर होता तो. नांदेड येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत राहिलों. कोणता वर्ग चांगला हें पाहण्यासाठीं मीं फरशा तपासल्या होत्या, गुरु तपासले होते. आणि तिच्या पहिल्या आठवड्याचा पहिला धडा मात्र मींच तिला घरीं बसून दिला होता.

आमच्या लोकांची या बाबतींतली भाषाच मुळीं दुटप्पी आहे. शेजाऱ्याच्या मुलीचा तो नाच, आपल्या मुलीचें तें नृत्य. देवीपुढें तें आराधन आणि कनातींत तो तमाशा. आमच्याच तालुक्यांतल्या माळेगांवची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षांत भरते. घोडे, उंट, गाढवें यांचा बाजार, आणि त्याच्याच बाजूला तमाशाचे फड. आतां तर तेथें लावणीचा महोत्सवही होतो. विठाबाई नारायणगांवकरांचा राष्ट्रपतींकडून गौरव झाला, तरी त्यांचीं अखेरचीं वर्षें हालांतच गेलीं. २००२ सालीं त्या वारल्या, आणि आज त्यांच्या नांवानें राज्य शासन पुरस्कार देतें. अशा स्त्रियांच्या पायांनीं ज्या प्रदेशाची करमणूक पिढ्यान्‌पिढ्या झाली, तेथल्या एका सुशिक्षित गृहस्थाला आपल्या मुलीच्या पायांविषयीं खरें बोलतां येऊं नये, याचा दोष अण्णांच्या माथीं मारणें सोपें होतें. पण अण्णांनीं मला कांहीं विचारलेंच नव्हतें. त्यांच्या उत्तराची भीति मीं माझ्या मनांत, माझ्याच सोयीनें तयार केली होती.

यात्रेच्या दिवसांत आम्ही गांवीं गेलों. जेवणें झाल्यावर अण्णा अंगणांत बाजेवर पडले होते. मीं सगळें सांगून टाकलें, शिकवणीची थापसुद्धां. ते कांहीं वेळ बोलले नाहींत. मग उठून बसले आणि म्हणाले, "अन् हे काहून लपवायलास माझ्यापून?" माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. त्यांनीं मुलीला हांक मारली. "काय शिकलीस, दाखव बरं."

मुलीनें माझ्याकडे पाहिलें. मीं मान हलविली. सारवलेल्या अंगणांत, दिव्याच्या उजेडांत ती उभी राहिली आणि तोंडानें बोल म्हणत तिनें तीन महिन्यांत शिकलेली ती एवढीशी पावलें टाकलीं. अण्णा मुलीच्या चेहऱ्याकडे पाहतच नव्हते. त्यांची नजर खालीं, तिच्या टांचांवर होती, आणि बाजेच्या गातावर त्यांचीं बोटें आपोआप ठेका धरीत होतीं. संपल्यावर ते म्हणाले, "डावा पाय मागं राहायलाय हिचा. उजव्यासंगं येईना."

मी चकित होऊन पाहतच राहिलों. चाळीस वर्षें माळेगांवच्या कनातींत बसून या मनुष्यानें काय पाहिलें होतें, याची मीं कधींच चौकशी केली नव्हती. मला ते केवळ घरचे वडीलधारे, म्हणजे नकार देणारे, असेच ठाऊक होते.

त्यांनीं आनंदानें पाठ थोपटली, असें मात्र कोणी समजूं नये. मुलगी आंत गेल्यावर ते हलक्या आवाजांत म्हणाले, "मला पटलं असं नाही. उद्या हिच्या लग्नाच्या वेळेला लोक विचारतील, तवा तोंड वर करून सांगशील का? आज सख्ख्या भावाला सांगायला तुला तीन महिने लागले." एवढें बोलून ते कुशीवर वळले. त्यांच्या प्रश्नाचें उत्तर मीं त्या रात्रीं दिलें नाहीं. तें देण्यासारखें नव्हतेंही. तसें वागून दाखवावें लागेल, आणि त्याला अजून बारा-पंधरा वर्षें आहेत.

पुढच्या शनिवारीं वर्गांत गेल्यावर बाईंनीं मुलीचें तत्कार पाहिलें आणि म्हणाल्या, "डावा पाय मागें राहतो आहे, त्यावर आतां काम करूं." मुलगी खुदकन् हंसली. "मोठेबाबा पण तेंच म्हणाले," तिनें सांगितलें. बाईंनीं माझ्याकडे पाहिलें, आणि बऱ्याच उशिरानें का होईना, पण आपल्या पहिल्या प्रश्नाचें खरें उत्तर मिळाल्यासारखी मान हलविली. त्यांना खोटें सांगितल्याची कबुली मीं तेथेंच दिली.

बॅलेचें वेड अजून गेलेलें नाहीं. झोपण्यापूर्वीं भिंतीला धरून टांचा उचलण्याचा प्रयोग रोज चालतो, आणि तो मीं थांबविलेला नाहीं. चौदाव्या वर्षीं ती मुंबईचें नांव काढील, किंवा कथकांतच रमेल, किंवा दोन्ही सोडून क्रिकेट खेळेल. त्याचें भविष्य वर्तविण्याइतका मी शहाणा नाहीं. परवां परततांना एस.टी.त एका गृहस्थानें नेहमींप्रमाणें विचारलें, "काय सर, नांदेडला कशासाठीं?" मुलीनें पिशवी मांडीवर घट्ट धरली आणि माझ्या तोंडाकडे पाहिलें. 'शास्त्रीय नृत्य' हा भारदस्त शब्द माझ्या जिभेवर आला होता. तो मीं गिळला आणि म्हटलें, "मुलगी नाच शिकते आहे माझी. तिला आणायला जातों."

गृहस्थ "अस्सं" म्हणून गप्प बसले. लोहा येईपर्यंत मुलगी बाकाच्या पुढच्या दांड्यावर बोटांनीं सोळा मात्रा मोजीत होती.